चिकन न घालता चिकन नूडल सूप: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

या सूपच्या शाकाहारी कृती शोधायला गेलं की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार दिसतो, मूळ कृतीतलं चिकन खोडलेलं असतं, चिकन स्टॉकच्या जागी व्हेज स्टॉक लिहिलेलं असतं आणि बाकी सगळं जसंच्या तसं. मग जे तयार होतं ते पाणचट लागतं, वर पाणी खाली भाज्या असं चोथापाणी होतं, आणि नव्याने करणाऱ्याला वाटतं की शाकाहारी सूप असंच लागत असणार. नाही लागत. नीट केलं तर हे सूप इतकं भरल्या चवीचं होतं की थकून आल्यावर किंवा नाक चोंदलेलं असताना एक वाटी संपवून दुसरी मागावी, फक्त त्यासाठी आधी हे समजून घ्यायला लागतं की चिकन त्या पातेल्यात नक्की करत काय होतं.

चिकन काय काय करतं

एक नाही, पाच कामं करतं. उमामी देतं, म्हणजे ती जिभेवर रेंगाळणारी मांसल चव. रस्सा मिळून आणतं, म्हणजे तो घट्ट नसतो पण ओठांना किंचित चिकटतो. वर सोनेरी तवंग देतं. चावायला काहीतरी देतं. आणि पाचवं म्हणजे वास, झाकण काढल्याबरोबर येणारा. आता या पाचही गोष्टी एकटी करेल अशी एकही शाकाहारी वस्तू नाहीये, आणि लोक चुकतात ते इथेच, टोफूचे तुकडे टाकले की चिकनची जागा भरली असं धरून चालतात, पण टोफू पाचातलं एकच काम करतो, बाकीची चार तशीच पडून राहतात. म्हणून कामं वाटून द्यायची. प्रत्येक कामाला वेगळा माणूस.

उमामीचं काम सगळ्यात मोठं म्हणून ते आधी घेऊ. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट हे चव देणारं संयुग वेगळं काढलं आणि या चवीला उमामी हे नाव दिलं. म्हणजे बघा, ही चव पहिल्यांदा ओळखली गेली तीच मुळी मांसातून नाही, समुद्री शेवाळातून. पुढे १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांनी सुकवलेल्या माशातून इनोसिनेट हे तशाच चवीचं दुसरं संयुग शोधलं, हेच इनोसिनेट चिकनमध्येही भरपूर असतं, आणि नंतर अकिरा कुनिनाका यांनी सुकवलेल्या शिटाके मशरूममधल्या ग्वानिलेटवर काम केलं आणि एक फार कामाची गोष्ट दाखवून दिली, की ग्लुटामेट एकटं असताना जेवढी चव लागते त्याच्या कितीतरी पट जास्त चव ते इनोसिनेट किंवा ग्वानिलेटबरोबर असताना लागते. दोन्ही एकत्र आली की बेरीज होत नाही, गुणाकार होतो. चिकन सूपमध्ये भाज्यांचं ग्लुटामेट आणि चिकनचं इनोसिनेट अशी जोडी जमते. आपण इनोसिनेटच्या जागी सुकवलेल्या मशरूमचं ग्वानिलेट आणायचं, झालं. म्हणून या कृतीत कोम्बू आणि सुके शिटाके दोन्ही आहेत, आणि एकच मिळालं तर मी सांगेन शिटाके घ्या, कारण ग्लुटामेट सोया सॉस, मीसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट), टोमॅटो पेस्ट यातूनही मिळतं पण ग्वानिलेट द्यायला सुक्या मशरूमएवढं सोपं दुसरं काही नाही. ताजे शिटाके चालतात का असं विचाराल तर ते चवीला छान असतात, पण हे काम त्यांच्याकडून होत नाही, सुकेच लागतात.

मिळून येण्याचं काम चिकनच्या हाडांमधलं आणि कातडीतलं कोलॅजन करतं, ते तासन्तास शिजून जिलेटिन होतं. वनस्पतीत कोलॅजन नसतंच. काहीजण त्याजागी अगार अगार (समुद्री शेवाळापासून केलेली, जेली जमवणारी पावडर) घालायला सुचवतात, ते इथे उपयोगाचं नाही, कारण अगार साधारण ८५ अंशांना वितळतं पण एकदा वितळलं की ४० अंशांच्या खाली येईपर्यंत परत जमत नाही, म्हणजे गरम सूपमध्ये त्याचा काही उपयोग नाही आणि सूप गार झालं की मात्र कापता येईल अशी जेली. त्यापेक्षा काबुली चण्यांचं शिजवलेलं पाणी घ्या. चणे शिजताना त्यातलं स्टार्च आणि प्रथिनं पाण्यात उतरतात, ते पाणी गार झाल्यावर हलकं बुळबुळीत होतं, आणि स्टॉकमध्ये घातलं की बरोबर पाहिजे तेवढाच दाटपणा येतो. चण्याचा वास पुढे येत नाही, प्रमाण सांभाळलं तर.

फॅटचं काम तेल आणि थोडं बटर करेल. इथे हात आखडू नका, प्लीज. तब्येतीसाठी सूप करतोय म्हणून लोक एक चमचा तेलात सगळं उरकतात आणि मग चव कुठे गेली म्हणतात, पण थाइम, तमालपत्र, लसूण यांचे बरेचसे सुगंध तेलात विरघळतात, पाण्यात फारसे नाही, म्हणजे तेलच नसेल तर ते जिभेपर्यंत पोचणारच नाहीत. सहा जणांच्या सूपला चार मोठे चमचे हे जास्त नाहीये. आणि तेल सूर्यफुलाचं असलं तर अजून चांगलं, कारण चिकनच्या फॅटचा जो ओळखीचा वास असतो त्यातला मोठा वाटा लिनोलिक ॲसिड तापल्यावर तयार होणाऱ्या संयुगांचा असतो, आणि नेहमीच्या सूर्यफूल तेलात लिनोलिक ॲसिड भरपूर असतं.

वासाचं बाकीचं काम थाइम, सेज, पार्सली, शेपू आणि सेलरी करतात. सेलरी मिळत नाही म्हणून वगळू नका, निदान तिचे दाणे तरी घाला. सेलरीत फ्थॅलाइड नावाची संयुगं असतात, ती स्वतः फार चव देत नाहीत पण रश्श्याची बाकीची चव वर उचलून धरतात. आणि सेज, थाइम ही पानं भाजलेल्या चिकनबरोबर इतकी वर्षं वापरली गेलीत की बऱ्याच जणांच्या नाकाला हाच वास चिकनचा वाटतो, त्याचा आपण पुरेपूर फायदा घ्यायचा.

काय काय लागेल

हे सगळं सहा मोठ्या वाट्यांसाठी, म्हणजे साधारण २ लिटर सूप.

स्टॉकसाठी: पाणी २.५ लिटर, सुके शिटाके २० ग्रॅम (सहा ते आठ मशरूम), कोम्बूचा बोटभर लांब तुकडा, २ मोठे कांदे, २ गाजरं, सेलरीचे ३ दांडे, लसणाचा एक अख्खा गड्डा, टोमॅटो पेस्ट १ मोठा चमचा, तमालपत्र २, दहाबारा मिरे, थाइमच्या पाचसहा काड्या, पार्सलीचे देठ (पानं बाजूला ठेवा, शेवटी लागतील). काबुली चणे शिजवून त्याचं पाणी १ कप आणि चणे १ कप.

सूपसाठी: सूर्यफूल तेल ३ मोठे चमचे, बटर १ मोठा चमचा, १ कांदा बारीक चिरून, ३ गाजरं, सेलरीचे ३ दांडे, लसणाच्या ४ पाकळ्या, वाळलेलं थाइम १ छोटा चमचा, वाळलेलं सेज अर्धा छोटा चमचा, हळद पाव छोटा चमचा, सोया सॉस २ मोठे चमचे, पांढरा मीसो १ मोठा चमचा, न्यूट्रिशनल यीस्ट २ मोठे चमचे, लिंबाचा रस १ मोठा चमचा, शेपू मूठभर, मीठ, मिरपूड. घट्ट टोफू ४०० ग्रॅम आणि त्याला लावायला कॉर्नफ्लॉवर १ मोठा चमचा. नूडल्स २०० ग्रॅम.

न्यूट्रिशनल यीस्ट म्हणजे ब्रेडला घालतात ते यीस्ट नाही, हे निष्क्रिय केलेलं असतं, पिवळ्या पापड्या असतात. ब्रेडचं यीस्ट चुकूनही घालू नका, सूप कडू होईल. हे नसेल तर मीसो थोडा वाढवा, अडत नाही.

विकत घेताना लेबलं वाचायची सवय लावून घ्या, कारण या सूपच्या आजूबाजूच्या बऱ्याच वस्तू शाकाहारी वाटतात पण नसतात. वुस्टरशायर सॉसमध्ये पारंपरिक पद्धतीत अँचोव्ही मासे असतात. पार्मेजानो रेज्जानो चीजची साल स्टॉकमध्ये टाका असा सल्ला फार मिळतो, चव खरंच छान येते, पण ते चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या एन्झाइमने) बनवतात. नूडल्समध्ये अंडं असू शकतं, तुम्ही अंडं खात नसाल तर ड्युरम गव्हाच्या साध्या नूडल्स किंवा बारीक आकाराचा पास्ता घ्या. ज्यांना दूधही नको त्यांनी बटर वगळून तेवढंच तेल वाढवावं, बाकी काहीच बदलायला लागत नाही.

आदल्या रात्री

दोन कामं, मिळून दहा मिनिटं. टोफू पाण्यातून काढून डब्यात ठेवा आणि फ्रीझरमध्ये टाका. गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि टोफूत भोकं पाडतात, नंतर तो वितळवून पिळला की स्पंजसारखा होतो, चावायला तंतुमय लागतो आणि रस्सा आत ओढून घेतो. गोठलेला टोफू पिवळसर दिसतो, खराब झाला असं समजून टाकून देऊ नका, वितळला की परत पांढरा होतो.

दुसरं, शिटाके आणि कोम्बू त्या २.५ लिटर पाण्यातल्या एक लिटरमध्ये भिजवून फ्रीजमध्ये ठेवा. गार पाण्यातच. घाई असली की लोक उकळतं पाणी ओततात, मशरूम मऊ होतात खरे पण चव कमी उतरते, कारण ग्वानिलेट तयार होतं ते मशरूममधल्या एन्झाइममुळे, गरम होत असताना, आणि एकदम उकळतं पाणी पडलं की ती एन्झाइम आपलं काम करायच्या आधीच मरतात. रात्रभर जमत नसेल तर निदान दोनतीन तास तरी द्या.

चणेही विकतचे डब्यातले नसतील तर आत्ताच भिजत घाला, सकाळी मीठ न घालता शिजवा.

स्टॉक

एक कांदा सालासकट मधोमध कापा आणि कोरड्या तव्यावर कापलेली बाजू खाली करून ठेवा, चांगला काळपट तपकिरी होईपर्यंत हलवू नका. साल काढायची नाही, सोनेरी रंग बराचसा तिच्यातूनच येतो, फक्त धुवून घ्या. दुसरा कांदा, गाजरं, सेलरी यांचे मोठे तुकडे करा आणि पातेल्यात एक चमचा तेलावर (हे वरच्या तेलातलं नाही, वेगळं) मध्यम आचेवर दहा मिनिटं परता. कडा खरपूस झाल्या की टोमॅटो पेस्ट घाला आणि ती विटकरी रंगाची होईपर्यंत परता, दोन मिनिटं पुरतात, कच्ची राहिली तर सूप टोमॅटोचं लागायला लागतं.

आता शिटाके-कोम्बूचं पाणी त्या दोघांसकट ओता, उरलेलं साधं पाणी ओता, भाजलेला कांदा, आडवा कापलेला लसणाचा गड्डा, मिरे, तमालपत्र, थाइम, पार्सलीचे देठ सगळं आत. आच मंद ठेवा. हे पाणी हळूहळू गरम झालं पाहिजे, उकळी यायला वीस पंचवीस मिनिटं लागली तर उत्तम, मशरूमची एन्झाइम साधारण ६० ते ७० अंशांच्या टप्प्यात सगळ्यात जास्त काम करतात आणि त्यांना तेवढा वेळ मिळतो. कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले की कोम्बू चिमट्याने काढून टाका, तो उकळला की रस्सा बुळबुळीत होतो आणि समुद्राचा वास यायला लागतो. कोम्बूत आयोडिन खूप असतं, त्यामुळे ज्यांना थायरॉइडचा त्रास आहे त्यांनी तो घालूच नये, मीसो अर्धा चमचा जास्त घाला त्याऐवजी.

मग झाकण अर्धवट ठेवून पंचेचाळीस मिनिटं, फार तर एक तास. उकळी खळखळ नको, रटरट पण नको, मधूनमधून एखादा बुडबुडा वर यावा एवढंच. चिकनचा स्टॉक तीनचार तास ठेवतात म्हणून व्हेज स्टॉकही तेवढा वेळ ठेवायचा असं वाटणं साहजिक आहे, पण तिथे तो वेळ कोलॅजनसाठी लागतो. भाज्या तासाभरात जे द्यायचं ते देऊन मोकळ्या होतात, त्यापुढे फक्त मचूळ होत जातात. प्रेशर कुकर वापरायचा असेल तर कोम्बू काढून घेतल्यावर झाकण लावा आणि प्रेशर आल्यावर पंधरा मिनिटं, वाफ आपोआप जिरू द्या.

फ्रीजमध्ये पडलेलं काहीही स्टॉकमध्ये टाकायचा मोह आवरा. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली यांचा गंधकाचा वास पूर्ण पातेलं व्यापतो. बटाट्याने गढूळ होतं. बीटबद्दल सांगायलाच नको. ढोबळी मिरची कडवट उतरते. कांदा, गाजर, सेलरी, लसूण, मशरूम, लीक (कांद्याच्या जाड पातीसारखी भाजी) मिळाला तर लीक, बस एवढंच.

गाळून घ्या. भाज्या डावाने हलक्या दाबा, चेपू नका, नाहीतर गाळ खाली येतो. शिटाके बाजूला काढा, त्यांचे कडक देठ कापून टोप्या पातळ चिरून ठेवा, त्या परत सूपमध्ये जाणार आहेत. आता चण्याचं एक कप पाणी घाला. साधारण २ लिटर झालं पाहिजे, कमी असेल तर पाणी घाला, जास्त असेल तर थोडं आटवा. या टप्प्यावर चव घेतली तर अळणी लागेल, मीठ नाहीये अजून, घाबरू नका.

टोफू

सकाळी फ्रीझरमधून काढलेला टोफू पूर्ण वितळल्यावर दोन तळहातांत धरून पिळा, पाणी निघायचं थांबेपर्यंत. सुरीने चौकोन कापू नका, हाताने तोडा, अंगठ्याच्या पेराएवढे वेडेवाकडे तुकडे, कारण खडबडीत कडांना रस्सा धरतो आणि दिसायलाही ते शिजलेल्या मांसाच्या जवळ जातं. एक चमचा सोया सॉस (दोनमधलाच), चिमूटभर थाइम, मिरपूड चोळा, मग कॉर्नफ्लॉवर भुरभुरवा. ओव्हन असेल तर २०० अंशांवर पंचवीस मिनिटं, नसेल तर पसरट तव्यात थोड्या तेलावर सगळीकडून सोनेरी करा.

टोफू आवडत नसेल तर ऑयस्टर मशरूम घ्या, मला व्यक्तिशः तेच जास्त आवडतात. दांड्यापासून उभे फाडायचे, गरम तव्यावर टाकून वरून दुसऱ्या जड भांड्याने दाबून ठेवायचे, पाणी सुटून आटलं की मग तेल घालून खरपूस करायचे. सोया चंक्स घ्यायचे तर उकळत्या पाण्यात भिजवून पिळा आणि हे दोनदा करा, एकदाच केलं की तो विशिष्ट वास राहतो. कच्च्या फणसाचे तंतू दिसायला हुबेहूब असतात पण त्यात प्रथिनं फार कमी, त्यामुळे नुसता फणस घातला तर पोट भरत नाही, चणे तरी वाढवा.

सूप जमवणं

पातेल्यात तेल आणि बटर गरम करा, बारीक कांदा, सेलरी आणि चिमूटभर मीठ. आठ दहा मिनिटं मंद आचेवर, कांदा पारदर्शक आणि कडेने किंचित सोनेरी. मग गाजर, पाव इंचाच्या चकत्या, फार पातळ कापलं तर लगदा होतो. लसूण, थाइम, सेज, हळद आत्ता घाला, तेलात. हळद पावच चमचा, ती रंगासाठी आहे, चवीत दिसली तर जास्त झाली. मिनिटभर परतून स्टॉक ओता, चिरलेले शिटाके, चणे आणि उरलेला सोया सॉस घाला, गाजर बोटचेपं होईपर्यंत बारा पंधरा मिनिटं शिजू द्या.

मिठाचं एक गणित लक्षात ठेवा. सूपला साधारण वजनाच्या ०.८ टक्के मीठ चवीला बरोबर लागतं, म्हणजे २ लिटरला १६ ग्रॅम. त्यातलं दोन चमचे सोया सॉसमधून जवळपास ५ ग्रॅम येतं, मीसोमधून आणखी दीडदोन ग्रॅम. उरलं साधारण ९ ग्रॅम, म्हणजे छोटा दीड चमचा बारीक मीठ. सुरुवातीला एकच घाला, बाकीचं शेवटी चव बघून. सोया सॉस आणि मीसो ब्रँडप्रमाणे कमीजास्त खारट असतात म्हणून हे आकडे अंदाज घ्यायला आहेत, शेवटचा निकाल जिभेचा.

नूडल्स वेगळ्या शिजवा. हा मुद्दा मी जोर देऊन सांगते कारण एक पातेलं वाचवायच्या नादात चांगल्या स्टॉकची वाट लागते, नूडल्सचं स्टार्च रश्श्यात उतरून तो गढूळ होतो आणि उरलेल्या सूपमध्ये त्या रात्रभर फुगत बसतात, सकाळी बघावं तर रस्सा गायब. मीठ घातलेल्या भरपूर पाण्यात पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी शिजवा, निथळा, थोडं तेल चोळून ठेवा आणि वाढताना वाटीत घाला.

गाजर शिजलं की गॅस बंद. आता न्यूट्रिशनल यीस्ट, मग मीसो. मीसो एका वाटीत थोड्या गरम रश्श्यात कालवून घ्या म्हणजे गुठळ्या राहत नाहीत, आणि तो घातल्यावर सूप उकळू नका, त्याचा सुगंध उडून जातो. लिंबाचा रस, मिरपूड, शेपू, पार्सलीची पानं. टोफू वाटीतच वरून घाला म्हणजे कडा कुरकुरीत राहतात, किंवा मऊ हवा असेल तर पाच मिनिटं आधी पातेल्यात सोडा.

चव बघताना काय शोधायचं

नव्याने करताना चव कमी वाटली की हात मिठाकडेच जातो, पण दर वेळी मीठ कमी नसतं. पहिला घोट घेतल्यावर चव पटकन येऊन पटकन गेली तर उमामी कमी आहे, अर्धा चमचा सोया सॉस किंवा मीसो. चव आहे पण जड, झोपल्यासारखी वाटते तर आंबट कमी आहे, लिंबू अजून अर्धा चमचा. सगळं बरोबर आहे तरी पातळ वाटतंय तर पाव कप चणे थोड्या रश्श्याबरोबर मिक्सरमध्ये एकदम गुळगुळीत वाटून परत घाला, लगेच मिळून येतं. वास येत नाही तर तेल कमी पडलंय, एक चमचा तेलात थाइम आणि लसूण कोमट करून वरून ओता. किंचित कडू लागलं तर बहुतेक लसूण करपला असेल किंवा स्टॉक जास्त वेळ राहिला असेल, एखादं गाजर किसून पाच मिनिटं शिजवा, त्याच्या गोडीने बरंच सावरतं. खारट झालं तर बटाटा टाकायचा उपाय सगळे सांगतात, पण बटाटा फक्त रस्सा शोषतो, मीठ वेगळं करून घेत नाही. त्याला खरा उपाय एकच, बिनमिठाचा स्टॉक किंवा पाणी वाढवणं, म्हणून कपभर स्टॉक मीठ घालायच्या आधी बाजूला काढून ठेवायची सवय चांगली.

आजारी माणसासाठी करत असाल तर एक गोष्ट सांगते, कारण चिकन नाही मग सर्दीत काय उपयोग असं हमखास ऐकायला मिळतं. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या स्टीफन रेनार्ड आणि सहकाऱ्यांनी चिकन सूपवर केलेला अभ्यास २००० साली चेस्ट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यात प्रयोगशाळेत असं दिसलं की हे सूप न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची हालचाल थोडी मंदावतं, आणि त्याच अभ्यासात सूपमधल्या भाज्या सुट्या तपासल्या तेव्हा त्यांचाही तसा परिणाम दिसला. हे पेशींवरचं काम होतं, माणसांवरचं नाही, त्यामुळे सूपला औषध म्हणू नका. पण गरम वाफ, पाणी, मीठ आणि सहज उतरणारं अन्न हे सगळं या वाटीतही तेवढंच आहे. आजाऱ्यासाठी नूडल्स जास्त मऊ करा, टोफू लहान तोडा, मिरपूड कमी.

उरलं तर

सूप आणि नूडल्स वेगवेगळ्या डब्यांत. फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस, आणि दुसऱ्या दिवशी खरं तर जास्त छान लागतं कारण चव मुरते. फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर नुसता गाळलेला स्टॉकच ठेवा, तीन महिने आरामात राहतो, गाजर आणि सेलरी गोठवल्यावर पिचपिचीत होतात. दुप्पट स्टॉक करून अर्धा गोठवून ठेवला तर पुढच्या वेळी सूप अर्ध्या तासात होतं, फक्त डबा काठोकाठ भरू नका, गोठताना तो फुगतो. परत गरम करताना उकळी आणू नका, वाफ यायला लागली की बंद, आणि लिंबू आणि शेपू नव्याने घाला, आदल्या दिवशीचे दोन्ही तोवर फिके पडलेले असतात.